पोळ्याचा भाव

लोहाऱ्याच्या बसस्टँडवर सास्तूरच्या एका शेतकऱ्यानं शंभुलिंग आप्पांना थांबवलं आणि रणधीरचा फोन नंबर मागितला. "तुमच्यापाशी असंल की आप्पा. सुबाभळीचा भाव इचारायचा व्हता," तो म्हणाला. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. आप्पांनी खिशातला फोन न काढता दहाही आकडे तोंडपाठ सांगितले, आणि तो माणूस खूश होऊन निघून गेला तरी ते बराच वेळ तिथंच उभे राहिले. लोहारा तालुक्यातून सुबाभळीचं लाकूड तेलंगणातल्या पेपर मिलला पहिल्यांदा धाडलं ते त्यांनी. त्याला बावीस वर्षं झाली. आणि भाव विचारायला माणूस त्यांच्याच तोंडावर दुसऱ्याचा नंबर मागत होता.

हा रणधीर काही परका नव्हता. माकणीचा. बारावी झाल्यावर आप्पांच्या वजनकाट्यावर कामाला लागला तो अकरा वर्षं राहिला. बुंध्याला वीत लावून एकरी किती टन माल निघेल ते कसं ताडायचं, साल काढलेलं लाकूड पंधरा दिवसांत किती वाळतं आणि वजनाला किती मार बसतो, मिलच्या गेटवर कुणाशी गोड बोलायचं आणि कुणाशी मोजकं, हे सगळं त्याला आप्पांनी शिकवलं. तीन वर्षांपूर्वी मिलनं त्याला थेट एजन्सी दिली, तेव्हा पेढ्याचा पुडा घेऊन तो पाया पडायला आला होता. आप्पांनी त्याला टॉवेल-टोपीचा आहेर केला आणि "मोठा हो" म्हणाले. तो इतका मोठा होईल, आणि तेही इतक्या लवकर, असं मात्र त्यांनी धरलं नव्हतं.

आता रणधीर दर सोमवारी सकाळी फोनवर आपल्या आवाजात निरोप टाकायचा. माकणी, सास्तूर, जेवळी, कानेगाव, सगळीकडचे सुबाभूळवाले त्या ग्रुपात होते. आप्पाही होते. काट्याच्या पत्र्याच्या खोलीत, पंखा मोठा करून, फोन कानाला लावून ते तो निरोप ऐकायचे. बायको शिवकांताला कळू नये म्हणून पंखा. आणि शिवकांताला ते सोमवारी सकाळी पंखा का मोठा करतात हे चांगलं ठाऊक होतं.

त्यांना सगळ्यात जास्त टोचायचं ते हे, की रणधीर बोलायचा ते त्यांचंच बोलणं होतं. शिमग्याच्या सुमाराला साखर कारखाने बंद होतात, ऊसतोडीच्या टोळ्या मोकळ्या होतात, रानं वाळलेली असतात आणि गाडी थेट वावरात जाते. म्हणून सगळे एकदमच तोडतात, मिलच्या यार्डात लाकडाचे डोंगर लागतात आणि भाव बसतो. पावसाळ्यात काळ्या रानात गाडीचं चाक रुततं, माल निघत नाही, यार्ड रिकामं होत जातं आणि पोळ्याच्या आसपास मिलवाले चढा भाव देऊन लाकूड मागतात. ज्याचं रान डांबरी सडकेला लागून आहे त्यानं पोळ्यापर्यंत दम धरावा. हा हिशोब आप्पांनी गाड्यांच्या मागं फिरून, गेटवर तीन-तीन दिवस उपाशी बसून काढला होता. रणधीर तो पाच मिनिटांत सांगायचा, सोप्या भाषेत, मधेमधे हसत. लोक म्हणायचे, पोरगं लई हुशार.

एकदा शिवकांताच जेवायला वाढता वाढता म्हणाली, "माझ्या भावाच्या रानातली सुबाभूळ कवा तोडावी, रणधीरला इचारा की जरा."

आप्पांनी घास खाली ठेवला. "का? मी मेलोय का?"

"तसं न्हाय ओ. त्येच्याकडं मिलची खबर अस्ती म्हणून म्हणलं."

त्या दिवशी ते अर्ध्या भाकरीवर उठले. रणधीरचं काही वाईट व्हावं असं त्यांना तोवर वाटत नव्हतं. फक्त एकदा, एकदाच, त्याचं सांगणं चुकावं आणि लोकांनी मुकाट्यानं परत आपल्या काट्यावर यावं, एवढंच वाटायचं. दाढी करताना, गाडीला दोर आवळताना, मठात दर्शनाला उभं असतानासुद्धा.

एप्रिलमध्ये उमाशंकर आला. हा मूळचा मुरूमचा, आप्पांच्या लांबच्या नात्यातला, आणि त्या तेलंगणातल्या मिलच्या लाकूड यार्डात बऱ्यापैकी हुद्द्यावर. पुतण्याच्या लग्नाला आला होता, जाता जाता काट्यावर टेकला. शिवकांतानं ताक आणून दिलं. दोघं कन्नडमध्ये इकडचं तिकडचं बोलले, आणि मग उमाशंकर गार तांब्या कपाळाला लावत म्हणाला, "आप्पा, यंदा पोळ्याची वाट बघू नका."

"का रे?"

"बाहेरच्या देशांतला कागदाचा लगदा लई स्वस्त झालाय. चीनवाले पहिल्यासारखा माल उचलंनात, म्हणून ब्राझीलची, इंडोनेशियाची जहाजं आपल्याकडं वळलीत. आमच्या साहेबांनी तीन महिन्यांचा तयार लगदा बुक केलाय. त्यात श्रावणात एक मशीन दुरुस्तीला खोलणार. मग लाकूड लागतंय कशाला? पंधरा ऑगस्टच्या पुढं गेट बंद, ते दसऱ्यापर्यंत. आता वह्यांचा सीझन चालू हाय तवर माल घालून मोकळं व्हा."

"हे एजंट लोकांना सांगितलंय?"

"कुठलं? वरून कागद निघंल तवा निघंल. मी आपलं घरचं म्हणून तुमाला सांगितलं. चार माणसांना सांगा तुमच्या."

उमाशंकर गेल्यावर शिवकांता भांडी उचलत म्हणाली, "रणधीरला सांगून टाका आजच. त्येनं समद्यांना थांबा म्हणून सांगितलंय."

"सांगतो," आप्पा म्हणाले.

आणि खरोखर, त्याच दुपारी रणधीरचाच फोन आला. दरवर्षी एप्रिलात तो एकदा करायचाच. "आप्पा, यंदाचं तुम्हाला काय वाटतंय? मी पोळ्याला साडेसात हजार धरलाय टनाला. आज सहा-दोनशे हाय. जास्त तर न्हाय ना होत?"

आप्पा वजनकाट्याच्या काचेसमोर बसले होते. बाहेर काट्यावर एक रिकामी गाडी उभी होती. सांगायचं अगदी ओठांवर आलं होतं. त्यांना वाटलं, आता सांगितलं तर येत्या सोमवारी हा तेच सगळ्यांना सांगेल, हसत हसत, सोप्या भाषेत. चीन म्हणेल, ब्राझील म्हणेल. आणि लोक म्हणतील, बघा, पोराला जगाची खबर आहे.

"मला काय इचारतोस बाबा," ते म्हणाले. "सगळा तालुका तुला इचारतोय."

रणधीर हसला. त्याला ते कौतुक वाटलं असावं. "तुमचाच चेला हाय, आप्पा," म्हणून त्यानं फोन ठेवला.

आपण खोटं बोललो नाही, असं आप्पांनी स्वतःला सांगितलं. नुसतं गप्प बसलो. आठ दिवस हे त्यांना पुरलं. नवव्या दिवशी माकणीहून धुरपदाबाई आल्या.

धुरपदाबाईंचं तीन एकर रान माकणीच्या डांबरी सडकेला अगदी चिकटून. नवरा गेल्यावर ऊस त्यांना झेपेना, तेव्हा सुबाभूळ लावा असं आप्पांनीच सांगितलं होतं. रोपंही त्यांच्याच गाडीतून आली होती. यंदा झाडं तोडीला आली होती, आणि नात सृष्टी बारावीच्या शिकवणीला लातूरला राहिली होती. वसतिगृहाचं, क्लासचं, सगळं त्या लाकडावर धरलेलं. जीपमधून उतरून, पदरानं तोंड पुसत त्या काट्यावरच्या बाकड्यावर बसल्या.

"आप्पा, रणधीर थांबा म्हणायलाय. पोळ्याला लई भाव यील म्हणतो. तोडणारी टोळी तर दारात हुबी हाय, आत्ता म्हणलं तर उद्या लागतीय तोडायला. म्या काय करू?"

"रणधीरनं सांगितलंय ना?"

"त्येनं सांगितलं. पर झाडं तुमी लावा म्हणलाव, म्हणून तुमाला इचारायला आले. तुमी म्हणाल ते."

दोन वर्षांत कुणी असं म्हटलं नव्हतं. आप्पांना क्षणभर छाती भरून आल्यासारखं झालं. तोडा म्हणायचं, एवढंच होतं. पण धुरपदाबाईंनी तोडलं तर सडकेवरून जाणारा येणारा बघणार, रणधीर विचारणार, का तोडलं मावशी, आणि मग सगळं बाहेर येणार. मग सगळेच तोडणार, आणि रणधीर वाचणार.

"रणधीर म्हणतो तर थांबा, मावशी," आप्पा म्हणाले. "त्याला आमच्यापेक्षा जास्त कळतं."

धुरपदाबाईंनी त्यांच्याकडं जरा निरखून पाहिलं. बोलण्यातली आच त्यांना लागली असावी, पण त्यातला डाव कळायचं काही कारण नव्हतं. "बरं," म्हणाल्या, चहा घेतला आणि परतीच्या जीपनं गेल्या.

मे महिन्यात आप्पांनी आपलं आणि मेव्हण्याचं लाकूड गुपचूप काढून मिलला घातलं. कुणी विचारलं तर, पैशाचं काम होतं, म्हणायचे. मृग गेला, आषाढ गेला. रणधीरच्या निरोपांत भाव हळूहळू चढत होता; जुलैअखेर सहा-आठशे झाला तेव्हा आप्पांना रात्रंदिवस एकच धास्ती, की उमाशंकरचंच चुकलं की काय. त्यांनी दोनदा त्याला फोन करून खात्री करून घेतली. माणूस आपल्या मालाची करतो तशी.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात उघडीप मिळाली, आणि रणधीरनं सांगितलं, आता लावा टोळ्या, पोळा जवळ आलाय. सडकेकडच्या रानांत कुऱ्हाडी लागल्या. धुरपदाबाईंची दीड एकर तीन दिवसांत आडवी झाली. साल सोलून पांढरं स्वच्छ लाकूड सडकेच्या कडेला रचलं गेलं. सोळा तारखेला पहिल्या सहा गाड्या निघाल्या. अठराला त्या मिलच्या गेटवरून भरल्याच परत फिरल्या.

ती बातमी आप्पांना एका ड्रायव्हरनं सांगितली. ते काट्याच्या खोलीत आले, खुर्चीवर बसले आणि त्यांना हसू आलं. आवाज नसलेलं, पोटातून येणारं हसू. दोन वर्षं ज्याची वाट पाहिली ते झालं होतं. त्यांनी ग्रुप उघडला. लोक रणधीरला फाडून खात होते. एकानं लिहिलं होतं, आम्हाला बुडवून मिलकडून किती घेतलं. आप्पांनी ते वाक्य तीनदा वाचलं.

पण ते सुख चारच दिवस टिकलं. कारण रणधीर पळाला नाही आणि त्यानं फोनही बंद केला नाही. ग्रुपात त्यानं एवढंच सांगितलं, की अंदाज माझा होता, चुकला तो मीच, मिलनं मला कळवलं नाही हे खरं, पण मी विचारून घ्यायला पाहिजे होतं. आणि मग तो मोटारसायकल काढून दारोदार फिरला. ज्यांचं तोडून झालं होतं त्यांची यादी केली. ढोकीकडच्या गुऱ्हाळांना जळणाला थोडं घातलं, हैदराबादकडं प्लायवूडवाल्याला जाड बुंधे घातले, एका वीटभट्टीवाल्याला दोन गाड्या. भाव पार पडलेला, चार हजारांच्या आत, पण माल कुजू दिला नाही. एजन्सीचं आपलं कमिशन सोडलं. आणि झालं असं, की ज्यांनी त्याला शिव्या घातल्या त्यांनीच पंधरा दिवसांत त्याला चहाला बोलवायला सुरुवात केली. भाव काय कुणाच्या बापाचा असतो का, पोरगं पाठीशी उभं राहिलं, असं लोक म्हणू लागले. आप्पांच्या काट्यावर कुणीच परत आलं नाही. आप्पांनी मेमध्येच माल घातला होता हे एव्हाना सगळ्यांना कळलं होतं. त्याबद्दल कुणी हुशार म्हटलं नाही, नुसते जरा गप्प झाले.

"पडला तरी त्येचंच कौतुक," आप्पा एकदा आपल्याशीच बोलल्यासारखं बोलले.

शिवकांता ज्वारी निवडत होती. तिनं सूप खाली ठेवलं. "तुमी त्येला सांगितलं व्हतं ना? उमाशंकर आला तवा?"

आप्पा चपला शोधू लागले. तिनं पुन्हा विचारलं नाही. सूप उचललं आणि आत जाऊन बसली. त्या दिवसापासून ती त्यांच्याशी कामापुरतं बोलू लागली.

गौरी-गणपती झाले आणि एका सकाळी रणधीर काट्यावर आला. उन्हानं काळा पडला होता, गाल बसले होते. चपला बाहेर काढून आत आला, पूर्वी यायचा तसाच, आणि बाकड्यावर बसला.

"मिलला गेलो व्हतो, आप्पा," तो म्हणाला. "उमाशंकर साहेबांशी बोलणं झालं. ते म्हणले, मी तर एप्रिलातच, पुतण्याच्या लग्नाला आलो तवाच, शंभुलिंग आप्पांना सांगितलं व्हतं."

आप्पांनी समोरचं पेन उचललं आणि परत ठेवलं.

"त्याच दिवशी मी फोन केला व्हता. तारीख बघितली मी. दुपारी तीनला." रणधीरचा आवाज चढला नव्हता. "इसरलाव का तुम्ही?"

विसरलो म्हणता आलं असतं. रणधीरनं तशी वाटच काढून दिली होती. आप्पांनी त्याच्याकडं पाहिलं, आणि त्या पडलेल्या चेहऱ्याचाही त्यांना हेवा वाटला. असं कुणासाठी तरी उन्हात फिरून आपला चेहरा कधी काळा झाला होता, ते त्यांना आठवेना.

"न्हाय इसरलो," ते म्हणाले. "सांगितलं न्हाय."

"का?"

"तू पडावास वाटलं."

बाहेर एक ट्रॅक्टर काट्यावर चढला, वजन झालं, उतरला. दोघंही त्याच्याकडं बघत राहिले.

"मला पाडायचं व्हतं तर मला पाडायचं, आप्पा," रणधीर शेवटी म्हणाला. "सोळा घरं मधी व्हती. धुरपदामावशीनं म्हैस इकली, पोरीच्या वसतिगृहाला. दुभती व्हती." तो उठला. दारात चपला घालताना म्हणाला, "मी हे कुणाला सांगणार न्हाय. तुम्ही शिकवलंय मला."

तो गेला. आप्पांना वाटलं होतं की त्याच्या तोंडून ऐकलं की हलकं वाटेल. उलटंच झालं. रणधीर खरंच कुणाला बोलला नाही. आठ दिवस गेले, पंधरा गेले. बाजारात लोक आप्पांना पूर्वीसारखाच 'शरणार्थ' म्हणत नमस्कार घालत होते, आणि प्रत्येक नमस्काराला आप्पांना वाटायचं, हा रणधीरनं ठेवलाय म्हणून आहे. आजवर त्याच्याकडं गिऱ्हाईक गेलं, नाव गेलं. आता आपली अब्रूही त्याच्याच खिशात. त्याचा मोठेपणा त्यांना सोसवेना. पश्चात्ताप होता, नव्हता असं नाही. म्हशीचं ऐकल्यापासून ताकाचा तांब्या समोर आला की ते तो परत सारायचे. पण खरं सांगायचं तर त्यांना माकणीला नेलं ते पश्चात्तापानं नव्हे. रणधीरच्या उपकारात राहायचं नाही, या एका इरेनं नेलं.

दसऱ्याच्या आधल्या दिवशी, भर सकाळी, ते धुरपदाबाईंच्या दारात उभे राहिले. ओट्यावर चार बायका कापूस निवडत बसल्या होत्या. धुरपदाबाईंनी घोंगडं टाकलं. आप्पा बसले नाहीत.

"मावशी, एप्रिलात तुम्ही मला इचारायला आला व्हता. मला तेव्हाच माहीत व्हतं की गेट बंद होणार. तरी मी थांबा म्हणलो."

धुरपदाबाईंना आधी कळलंच नाही. बायकांचे हात थांबले.

"म्हंजी?"

"रणधीरची नाचक्की व्हावी म्हणून. त्याचं लोक ऐकत व्हते ते मला बघवत नव्हतं."

 धुरपदाबाईंनी हातातलं बोंड टोपलीत टाकलं.

"काय वाकडं केल्तं मी तुमचं, आप्पा?"

"काही न्हाय."

"मी तर तुमच्याकडंच आल्ते. त्येचं ऐकून गप बसले असते तर निदान त्येच्यावर तरी खापर फोडलं असतं."

आप्पांनी मान खाली घातली. लाकडाच्या भावातला फरक मी भरून देतो, असं ते म्हणाले. धुरपदाबाई नको म्हणतील असं त्यांना वाटलं होतं. नाटकात म्हणतात तसं. त्या म्हणाल्या, "द्या. आन् म्हैस कुणाकडं गेलीय ते सांगते, तीबी सोडवून आणा. गाडीभाड्यासकट." मग जरा थांबून, "आन् आता जावा. मला तुमचं तोंड बघावं वाटंना."

म्हैस जेवळीला होती. आप्पांनी दोन दिवसांनी ती आणून बांधली. फरकही दिला. त्या चार बायकांनी दुपारपर्यंत ही गोष्ट माकणीभर केली आणि संध्याकाळपर्यंत ती लोहाऱ्याला आप्पांच्या आधी पोचली होती. मठात एक-दोघांनी त्यांना बघून जागा बदलली. सास्तूरवाल्यांनी काट्यावर माल आणणं बंद केलं. गाड्या निम्म्यावर आल्या. शिवकांता मात्र त्या दिवशी त्यांच्या ताटाशेजारी बसली आणि जेवण होईपर्यंत उठली नाही. "हे आधी केलं असतं तर," एवढंच म्हणाली.

रणधीरला कळलं तेव्हा तो रागावला. फोनवर पहिल्यांदाच त्याचा आवाज चढला. "कुणी सांगितलं व्हतं तुम्हाला? मी झाकलं व्हतं ना?"

"म्हणूनच," आप्पा म्हणाले.

त्याला ते समजलं की नाही कुणास ठाऊक.

हिवाळाभर दोघं बोलले नाहीत. फेब्रुवारीत धुरपदाबाईंनी दोघांनाही निरोप धाडला, एकाच दिवशी, एकाच वेळेला. उरलेली दीड एकर उभी होती, चांगली जाडली होती; तोडलेल्या बुंध्यांनाही पुरुषभर फुटवा आला होता. तिघं सडकेच्या कडेला उभे राहिले. धुरपदाबाईंनी आधी रणधीरला विचारलं. तो म्हणाला, मिलचं दुरुस्तीचं काम झालंय, बाहेरचा लगदा थोडा वर सरकलाय, गेल्या साली फटका बसला म्हणून यंदा सगळे शिमग्यालाच तोडतील, तेव्हा थांबा. पोळ्याला नक्की चढेल.

मग त्या आप्पांकडं वळल्या. आप्पा म्हणून हाक मारली नाही. "तुमी बोला," म्हणाल्या.

रणधीरचं बोलणं नेमकं होतं. पोरगं किती पुढं गेलं, असं आप्पांच्या मनात आलं आणि सोबतच तो जुना काटाही हलला. तो गेलेला नव्हता. जाईल असं त्यांना आता वाटतही नव्हतं. त्यांनी एका बुंध्याला वीत लावली.

"सगळं थांबवू नका," ते म्हणाले. "उमाशंकर काल म्हणला, जहाजांचा करार जूनपर्यंत हाय, पुढचं त्यालाबी सांगता येईना. त्यालाच येत न्हाय तर आमाला काय येणार? अर्धी आता काढा, गाडी वावरात जातीय तवर. अर्धी राहू द्या."

"अर्धी काढून काय हुतंय?" रणधीर म्हणाला. "टनामागं हजारानं मार खाताल मावशी."

"नाहीतर हजारानं वाचतील."

दोघांची तिथंच जुंपली. मशीन, वह्यांचा सीझन, चीन, आवक. आवाज चढले, सडकेनं जाणारा एक ट्रॅक्टरवाला थांबून बघू लागला. एक वाक्य रणधीरनं टाकलं की आप्पा त्याला दुसरं देत होते, आणि दोघांच्याही ध्यानात आलं नाही की धुरपदाबाई कधीच्या घराकडं चालू लागल्या होत्या.

त्यांनी अर्धी तोडली. ते लाकूड पाच-नऊशेनं गेलं. राहिलेली पोळ्याला सहा-पाचशेनं गेली. रणधीर म्हणाला तेवढ्यानं नाही, आणि आप्पांना भीती होती तेवढ्या कमीनंही नाही. म्हैस जूनमध्ये व्याली. सृष्टीला त्या साली लातूरलाच नर्सिंगला नंबर लागला. आप्पांच्या काट्यावर गाड्या अजून निम्म्याच येतात, आणि मिलची काही खबर असली की ते ती पहिल्यांदा रणधीरला कळवतात. कळवून झालं की थोडा वेळ त्यांना कुणाशी बोलावंसं वाटत नाही.